एसा ग्रे

एसा ग्रे (१८ नोव्हेंबर १८१०, सॉक्वॉइट, न्यू यॉर्क – ३० जानेवारी १८८८, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स) हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. उत्तर अमेरिकेतील वनस्पतींचे पद्धतशीर वर्गीकरण करणाऱ्यांमध्ये त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. चार्ल्स डार्विन यांच्या उत्क्रांतिसिद्धांताचे अमेरिकेतील पहिले प्रमुख समर्थक म्हणूनही ते ओळखले जातात. ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मान्य करूनही ईश्वरावरील श्रद्धा टिकवता येते, ही भूमिका त्यांनी सुमारे तीन दशके मांडली.

प्रारंभिक जीवन

ग्रे यांचे वडील मोझेस ग्रे यांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. एसा यांनी फेअरफील्ड येथील वैद्यकीय महाविद्यालयातून १८३१ मध्ये पदवी घेतली. तथापि विद्यार्थिदशेतच वनस्पतिशास्त्राची गोडी लागल्याने वैद्यकीय व्यवसायात ते फार काळ रमले नाहीत. न्यू यॉर्क येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टॉरी यांचे ते प्रथम साहाय्यक व नंतर सहकारी झाले. दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८३८ ते १८४३ या काळात भागशः प्रसिद्ध केला. ख्रिस्ती धर्मावरील त्यांची निष्ठा याच तरुण वयात दृढ झाली. पुढे केंब्रिजमध्ये ते काँग्रिगेशनल चर्चचे नियमित सभासद होते.

हार्वर्डमधील कार्य

मिशिगन विद्यापीठाने १८३८ मध्ये ग्रे यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक केली व ग्रंथखरेदीसाठी त्यांना युरोपात पाठविले. तेथे प्रत्यक्ष अध्यापन करण्याचा योग मात्र आला नाही. १८४२ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १८४८ मध्ये त्यांचा जेन लॉरिंग यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी उत्तरेकडील संस्थानांच्या वनस्पतींची ओळख करून देणारी त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. ‘ग्रेज मॅन्युअल’ या नावाने ती अनेक पिढ्यांच्या अभ्यासकांना परिचित आहे.

पूर्व आशिया, विशेषतः जपान, आणि पूर्व उत्तर अमेरिका या परस्परांपासून अतिदूर प्रदेशांतील वनस्पतींमध्ये निकटचे साम्य आढळते. ग्रे यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कोड्याचे उत्तर दिले. एकेकाळी या वनस्पती उत्तर गोलार्धात सलग पसरल्या होत्या. पुढे हवामानातील बदल व हिमयुग यांमुळे त्यांचे प्रदेश तुटले, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रत्येक जातीचे मूळ एकच असते, हे या उत्तराचे गृहीतक होते. हार्वर्डमधीलच लुई अगासी यांचे मत याच्या नेमके उलट होते. ईश्वराने प्रत्येक जाती तिच्या आजच्या प्रदेशात स्वतंत्रपणे निर्माण केली, असे ते मानीत. मानवी वंशही स्वतंत्रपणे निर्माण झाले, असे त्यांचे म्हणणे होते आणि गुलामगिरीच्या समर्थकांनी या मताचा आधार घेतला. या दोघांचा वाद अमेरिकन विद्वत्सभांमध्ये गाजला.

डार्विन यांच्याशी संबंध

जोसेफ हूकर यांच्यामुळे ग्रे व डार्विन यांचा परिचय झाला. १८५५ पासून दोघांमध्ये नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. डार्विन यांनी ५ सप्टेंबर १८५७ रोजी ग्रे यांना पत्राने आपल्या सिद्धांताची रूपरेषा कळविली. पुढे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी स्वतंत्रपणे तोच विचार मांडला, तेव्हा डार्विन यांचा अग्रक्रम सिद्ध करण्यास हे पत्र उपयोगी पडले. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वॉलेस यांच्या निबंधाबरोबर त्यातील भागही वाचण्यात आला.

डार्विन यांचा जातींच्या उगमावरील ग्रंथ नोव्हेंबर १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या अमेरिकन आवृत्तीची व्यवस्था ग्रे यांनी पाहिली व लेखकाला मानधन मिळवून दिले. मार्च १८६० मध्ये त्यांनी एका विज्ञानविषयक नियतकालिकात ग्रंथाचे सविस्तर परीक्षण केले. त्याच वर्षी ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात त्यांनी सामान्य वाचकांसाठी लेखमाला लिहिली. नैसर्गिक निवड व ईश्वरी योजना यांत विरोध नाही, हे तिचे सूत्र होते. डार्विन यांना ही मांडणी इतकी उपयुक्त वाटली की, १८६१ मध्ये तिची पुस्तिका निघाली तेव्हा खर्चाचा भार त्यांनी उचलला.

श्रद्धा आणि उत्क्रांती

ग्रे यांच्या युक्तिवादाचा पाया असा होता : एखादी घटना नैसर्गिक नियमाने घडते हे कळल्याने तिच्यामागे ईश्वराचा हेतू नाही, असे सिद्ध होत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या शोधाने ग्रहांची गती स्पष्ट झाली, पण त्यामुळे कोणी श्रद्धा सोडली नाही. जातींच्या उत्पत्तीलाही हाच न्याय लागू होतो. विज्ञान कार्यपद्धती सांगते. अंतिम कारणाचा प्रश्न तत्त्वज्ञान व धर्म यांच्या कक्षेत येतो.

ग्रे मात्र येथे थांबले नाहीत. सजीवांमध्ये भेद का उत्पन्न होतात, हे त्या काळी अज्ञात होते. तेव्हा हे भेद हितकारक दिशेने नेले जात असावेत, असे मानण्यास जागा आहे, असे त्यांनी सुचविले. मतभेद नेमका येथेच उद्भवला. मे १८६० मधील पत्रात डार्विन यांनी सुरवंटाच्या जिवंत शरीरावर आपल्या अळ्या पोसणाऱ्या कीटकांचे उदाहरण दिले. दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वराने अशी योजना हेतुपुरस्सर केली असेल, हे त्यांना पटत नव्हते. तरीही सारे विश्व केवळ अंध शक्तीचे फळ आहे, असेही त्यांना म्हणवत नव्हते.

१८६८ च्या ग्रंथाच्या शेवटी डार्विन यांनी ग्रे यांचा नामोल्लेख करून उत्तर दिले. कड्यावरून कोसळलेल्या दगडांतून निवड करून गवंडी घर बांधतो. प्रत्येक दगडाचा आकार निसर्गनियमांनीच ठरलेला असतो, पण तो गवंड्यासाठी मुद्दाम घडविला गेला, असे म्हणता येत नाही. शिवाय भेद आधीच योग्य दिशेने नेले जात असतील, तर निवडीला कामच उरत नाही. ग्रे यांनी या युक्तिवादाचे बळ पत्रातून मान्य केले. श्रद्धा मात्र सोडली नाही. मतभेदाने मैत्रीत अंतर पडले नाही आणि १८७७ मध्ये डार्विन यांनी फुलांच्या विविध रूपांवरील आपला ग्रंथ ग्रे यांना अर्पण केला.

धर्मपंडितांकडूनही विरोध झाला. प्रिन्स्टनचे चार्ल्स हॉज यांनी १८७४ मध्ये डार्विनवाद म्हणजे निरीश्वरवादच होय, असा निष्कर्ष काढला. सृष्टीतील योजना नाकारणे हाच त्या सिद्धांताचा गाभा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रे यांनी त्याचा प्रतिवाद केला. पाद्री व भूवैज्ञानिक जॉर्ज फ्रेडरिक राइट यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी आपले निबंध १८७६ मध्ये ‘डार्विनियाना’ या नावाने एकत्रित प्रसिद्ध केले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली तिहेरी ओळख सांगितली आहे : विज्ञानात आपल्या परीने डार्विनवादी, तत्त्वज्ञानात आस्तिक आणि धर्मात नायसीन मतांगीकार मानणारा. निसर्गातील अपव्यय व अपूर्णता यांचा अर्थ जुन्या योजनावादापेक्षा उत्क्रांतिवादाने अधिक चांगला लागतो, असेही त्यांनी दाखविले. १८८० मध्ये येल येथील धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे दोन व्याख्याने देऊन त्यांनी हीच भूमिका पुन्हा मांडली.

सन्मान व वारसा

ग्रे हे १८६३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचे संस्थापक सदस्य होते. १८८७ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व एडिंबरो या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. आपला वनस्पतिसंग्रह व ग्रंथसंग्रह त्यांनी हार्वर्डला दिला होता. तो संग्रह त्यांच्या नावाने आजही अभ्यासला जातो.

जनुकशास्त्राच्या विकासानंतर, भेदांना हितकारक दिशा असते ही ग्रे यांची सूचना विज्ञानात टिकली नाही. कार्यपद्धतीचा प्रश्न आणि अंतिम हेतूचा प्रश्न वेगळे आहेत, हे त्यांचे प्रतिपादन मात्र उत्क्रांती मान्य करणारे ख्रिस्ती विचारवंत आजही आधारभूत मानतात.