धर्मानंद कोसंबी आणि घरी बसून पालीचा अभ्यास



आपल्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे ४ जून १९४७ रोजी एका वृद्ध पंडिताने देह ठेवला. त्यांचे नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. विहारात आपण जी पाली म्हणतो ती मराठी माणसाला समजावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत हे नाव अग्रभागी आहे. पुस्तक घेऊन घरी बसले तर पाली कुठवर येईल, असे तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर या चरित्रात आहे.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी सारस्वत ब्राह्मण घरात झाला. शाळा त्यांना फार थोडी लाभली. मिळतील ती मराठी पुस्तके वाचणे हीच त्यांची शाळा. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि हा धर्म मुळातून जाणून घ्यावा अशी ओढ त्यांना लागली. लक्षात घ्या, इथवर त्यांना घरच्या वाचनानेच आणले. पण पुढची वाट घरात नव्हती. मूळ ग्रंथ पालीत, आणि पाली शिकविणारा गावात कोण असणार?

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. कोसंबींच्या विद्येचा भार त्या माउलीनेही सोसला, हे आपण विसरू नये. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला व संस्कृताचा अभ्यास सुरू झाला. पुढे काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी व्याकरण पक्के केले. नेपाळ आणि बुद्धगया पाहून १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. नंतर ते ब्रह्मदेशातही राहिले.

पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत, युरोपात रोमन अक्षरांत. म्हणजे कोसंबींना आधी परकी अक्षरे गिरवावी लागली, मग ग्रंथ. ही अडचण आपल्यासाठी त्यांनीच पुष्कळ दूर केली.

परत आल्यावर ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. पण मराठी मुलखात राहून लिहावे म्हणून ती नोकरी सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना ५० रुपये पत्करले. १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधनासाठी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. शाळेत फारसा न गेलेला माणूस तिथे विद्वानांच्या पंक्तीला बसला! १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकविली. १९४० साली त्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत छापला गेला. मुंबईच्या परळ भागात कामगारांसाठी बहुजन विहारही त्यांनीच उभारला.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. घरच्या अभ्यासाने काय साधते? मराठी माणसाला पाली वाटते तितकी परकी नाही. पालीतील ‘हत्थ’ म्हणजे आपला हात, ‘सत्त’ म्हणजे सात, ‘अट्ठ’ म्हणजे आठ. ‘गच्छामि’ मधला ‘मि’ हा प्रत्यय कर्ता ‘मी’ आहे हे दाखवतो. पंचशीलात पाच वेळा येणारा ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणे. रोज पाच शब्द अर्थासह वहीत लिहिले, विभक्ती आणि क्रियापदांचे तक्ते पाठ केले, शेजारी मराठी अर्थ असलेले पुस्तक ठेवले, तर वंदना समजेल आणि सोपी सुत्ते हळूहळू वाचता येतील. ही मिळकत लहान नव्हे.

पण उच्चार पुस्तकातून येत नाही. आपली चूकही आपणास दिसत नाही. लांब समास कुठे तोडावा आणि एकाच शब्दाचा कोणता अर्थ कुठे घ्यावा, तिथे जाणता माणूस लागतो. कोसंबी समुद्र ओलांडून गेले ते यासाठीच. म्हणून महिन्यातून एकदा तरी भिक्खूंपुढे अथवा पालीच्या शिक्षकापुढे आपली वही ठेवा. तेही न जमले तर विहारात चार घरांनी मिळून वाचावे, एकाची चूक दुसऱ्याला दिसते.

कोसंबींना निदान संस्कृताचे दार उघडे होते. परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत ते बंद होते, फारशी घ्यावी लागली. तरी संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने आत्मसात केले आणि पालीचा शब्दकोश व व्याकरणही तयार केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापले.

विचार करा. अर्थ न कळता मंत्र ऐकायचे आणि सांगेल ते मानायचे, हे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला आले होते. पाली वंदनाही तशीच तोंडपाठ म्हणत राहिलो, तर फक्त भाषा बदलली, गुलामी नव्हे. बाबासाहेबांनी आपल्याला समजून घेण्याचा धम्म दिला आहे. तेव्हा येत्या पौर्णिमेला घरातील मुलामुलींसह वही उघडा आणि पहिला शब्द अर्थासह लिहा.