अख्खं जग उंदीर शोधत होतं, तेव्हा या डॉक्टरने सगळ्यांना मास्क घालायला लावला

कोरोनाच्या काळात ऑफिसच्या गेटवर एक जण ताप मोजायची गन घेऊन उभा असायचा. तोंडाला मास्क, दोन खुर्च्यांमध्ये अंतर, आणि स्टाफमधलं कुणी पॉझिटिव्ह निघालं की त्याच्या संपर्कातले सगळे वेगळे. तेव्हा आपल्याला हे सगळं नवीन वाटलं होतं.

पण यातल्या बऱ्याच गोष्टी एका डॉक्टरने कोरोनाच्या ११० वर्षं आधी एका शहरात करून दाखवल्या होत्या. तेही हाडं गोठवणाऱ्या थंडीत, हाताशी एकही औषध नसताना.

त्या डॉक्टरचं नाव वू लिएन-तेह.

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ चा. गाव पेनांग, म्हणजे आजच्या मलेशियातलं बेट. तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं. वडील चीनमधून येऊन तिथं स्थायिक झालेले सोनार. घरात पोरांची गर्दी, पण वू अभ्यासात हुशार निघाले. १८९६ साली त्यांना राणीच्या नावाची स्कॉलरशिप मिळाली आणि गडी थेट केंब्रिजला पोहोचला. तिथं मेडिकल शिकणारे ते पहिले चिनी वंशाचे विद्यार्थी मानले जातात. पुढं लंडन, लिव्हरपूल, जर्मनीतलं हॅले आणि पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. जंतूंबद्दल त्या काळी जिथं जिथं शिकता येत होतं, तिथं ते जाऊन आले.

१९०३ मध्ये परत आले, पेनांगला दवाखाना टाकला आणि एका भानगडीत पडले. ती भानगड अफूची होती.

तेव्हा अफूचा धंदा कायदेशीर होता आणि सरकारी तिजोरीत त्यातून मोठा पैसा यायचा. वू यांनी अफूच्या विरोधात मोहीम उघडली. मग १९०७ मध्ये त्यांच्याच दवाखान्यावर धाड पडली. औषधासाठी ठेवलेला थोडासा अफूचा अर्क सापडला आणि अफूविरोधी चळवळीच्या पुढाऱ्यालाच अफू बाळगल्याबद्दल दंड झाला. वू यांचं मन तिथून उडालं. तेवढ्यात चीनमधून बोलावणं आलं. तिआनजिनच्या लष्करी मेडिकल कॉलेजात उपसंचालकाची नोकरी होती. १९०८ मध्ये ते चीनला गेले. गंमत म्हणजे त्यांना तेव्हा तिथली चिनी भाषा धड बोलताही येत नव्हती.

आता येऊ मुद्द्यावर.

१९१० च्या शेवटी चीनच्या ईशान्य टोकाला, मांचुरियात, माणसं पटापट मरायला लागली. आधी ताप यायचा, मग खोकला, मग थुंकीतून रक्त. एक-दोन दिवसांत खेळ खल्लास. ज्याला हा आजार झाला तो जवळपास कुणीच वाचत नव्हता.

सुरुवात रशियाच्या सीमेवरच्या मांझोली गावाकडून झाली होती. त्या भागात तार्बागान नावाचा मोठ्या खारीसारखा प्राणी असतो. त्याच्या कातडीला युरोपात भाव आला आणि शिकारीसाठी हजारो मजूर तिकडं धावले. जुने शिकारी आजारी तार्बागानला हात लावत नसत. नव्यांना ते माहिती नव्हतं. रात्री हे मजूर कोंदट धर्मशाळांमध्ये एकाला एक चिकटून झोपायचे. एक खोकला की अख्खी खोली आजारी.

त्यात आली रेल्वे. चिनी नववर्ष जवळ आलेलं, मजूर पगार घेऊन गावी निघालेले. आजारही त्यांच्यासोबत डब्यात बसला आणि हार्बिनला उतरला.

हार्बिन म्हणजे रशियनांनी रेल्वेसाठी वसवलेलं शहर. त्याला लागून फूजियादियान ही चिनी वस्ती. उत्तरेची रेल्वे रशियाची, दक्षिणेची जपानची, तिसरी चीनची. महामारी आटोक्यात आली नाही तर ते निमित्त करून रशिया आणि जपान आणखी आत घुसतील, ही भीती पेकिंगच्या दरबाराला होती. म्हणून घाईघाईत एका डॉक्टरला तिकडं पाठवायचं ठरलं आणि ३१ वर्षांच्या वू यांची निवड झाली. २४ डिसेंबर १९१० ला ते हार्बिनमध्ये उतरले. सोबत होता एक विद्यार्थी आणि एक मायक्रोस्कोप.

तीनच दिवसांत त्यांना संधी मिळाली. धर्मशाळा चालवणारी एक जपानी बाई या आजारानं गेली होती. त्या काळी चीनमध्ये मृतदेह कापणं म्हणजे घोर पाप समजलं जायचं. वू यांनी तिथंच, एका साध्या खोलीत, गुपचूप पोस्टमॉर्टेम केलं. फुफ्फुसं, हृदय, यकृत, सगळीकडे प्लेगचे जंतू सापडले.

म्हणजे हा प्लेग होता. पण हा प्लेग वेगळा होता.

हे समजून घ्यायला आपल्या मुंबईकडं यावं लागेल. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं राहिला. तो गाठीचा प्लेग होता. काखेत, जांघेत गाठ यायची. उंदरावरची पिसू माणसाला चावते आणि प्लेग होतो, हे कोडं मुंबई-कराचीत झालेल्या संशोधनातूनच सुटलं. त्यामुळं १९१० मध्ये जगातल्या कुठल्याही डॉक्टरला प्लेग म्हटलं की आधी उंदीर आठवायचे. हार्बिनमध्येही एक जपानी डॉक्टर शेकडो उंदीर कापून तपासत होता. त्याला एकाही उंदरात प्लेग सापडत नव्हता.

वू यांनी पाहिलं की मेलेल्यांच्या अंगावर गाठीच नाहीत. बिघाड सगळा फुफ्फुसात आहे. एवढ्या कडाक्याच्या थंडीत पिसवा माणसामागून माणसाला चावत सुटतील हेही पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी निष्कर्ष काढला की हा प्लेग उंदराकडून येत नाहीये. तो माणसाच्या खोकल्यातून उडणाऱ्या थेंबांतून समोरच्या माणसाच्या नाकातोंडात जातोय.

आणि असं असेल, तर सगळ्यात जास्त धोका कुणाला? रुग्णाच्या तोंडासमोर उभं राहून काम करणाऱ्याला. डॉक्टर, कंपाउंडर, पोलिस, मढं उचलणारा मजूर. हेच लोक मेले तर बाकीच्यांना वाचवायला कोण उरणार?

म्हणून वू यांचा पहिला नियम ठरला. कामावर असलेल्या प्रत्येकानं मास्क घालायचा.

मास्क तसा नवीन नव्हता. ऑपरेशन करताना काही सर्जन तोंडाला कापड बांधायचे, पण ते स्वतःच्या श्वासातले जंतू रुग्णाच्या जखमेत जाऊ नयेत म्हणून. वू यांनी हिशेब उलटा केला. त्यांचा मास्क घालणाऱ्याला वाचवण्यासाठी होता.

बनवायला तो एकदम सोपा. बँडेजच्या जाळीदार कापडाची पट्टी घ्यायची, मध्ये साधारण ६ बाय ४ इंचाचा कापसाचा थर ठेवायचा, कापड दुमडायचं. दोन्ही टोकं चिरून नाड्या करायच्या आणि त्या कानाच्या वरून-खालून डोक्यामागे घट्ट बांधायच्या, म्हणजे कडेनं हवा शिरणार नाही. खर्च किरकोळ. कुणालाही घरी करता येईल असा. पुढं आलेल्या एन-९५ मास्कचा पूर्वज म्हणून याच मास्कचं नाव घेतलं जातं.

पण लोक ऐकतील तर खरं. आणि सगळ्यात आधी ऐकलं नाही ते डॉक्टरांनीच.

रशियन प्लेग हॉस्पिटलचा प्रमुख होता पॉल हाफकिन. नाव ओळखीचं वाटलं ना? मुंबईत प्लेगची लस शोधणारे, ज्यांच्या नावानं परळची हाफकिन इन्स्टिट्यूट उभी आहे, त्या वॉल्डेमार हाफकिन यांचा हा पुतण्या. काकांच्या लसीवर त्याचा एवढा विश्वास की वॉर्डात मास्क घालायची त्याला गरज वाटत नव्हती. गाठीच्या प्लेगवर ती लस काही प्रमाणात उपयोगी होती, पण फुफ्फुसाच्या प्लेगपुढं तिचा भरवसा नव्हता.

दुसरे होते जेराल्ड मेस्नी. फ्रेंच डॉक्टर, तिआनजिनच्या कॉलेजातले वरिष्ठ प्राध्यापक, गाठीच्या प्लेगचा अनुभव गाठीशी. जानेवारी १९११ च्या सुरुवातीला ते हार्बिनला आले. त्यांचं म्हणणं एकच होतं की प्लेग उंदरांमुळं होतो, तेव्हा उंदीर मारा. शिवाय या कामाचं प्रमुखपद आपल्याला मिळावं असंही त्यांना वाटत होतं. वू यांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाची थिअरी मांडल्यावर ते भडकले आणि वू यांच्या चिनी असण्यावरून अपमान केला. वू यांनी वाद वाढवला नाही. त्यांनी पेकिंगला तार करून राजीनामा देऊ केला. सरकार वू यांच्या मागं उभं राहिलं.

मेस्नी मात्र तसेच रशियन हॉस्पिटलमध्ये गेले आणि मास्क न लावता रुग्ण तपासले. काही दिवसांत त्यांना ताप भरला, खोकला सुरू झाला. ११ जानेवारी १९११ ला ते वारले.

एवढा मोठा युरोपियन डॉक्टर गेल्यावर हार्बिन हादरलं. आता रस्त्यावर जो तो मास्क घालून फिरायला लागला. जे काम वू यांच्या समजावण्यानं झालं नव्हतं, ते या मृत्यूनं केलं.

मग वू यांनी फूजियादियानचे चार भाग केले. प्रत्येक भागाला एक डॉक्टर प्रमुख, हाताखाली मदतनीस आणि मेडिकलचे विद्यार्थी. रहिवाशांच्या बाहीवर आपापल्या भागाच्या रंगाची पट्टी. परवानगीशिवाय एका भागातून दुसऱ्यात जायचं नाही. बाहेरून ११६० सैनिकांचा वेढा. रोज घरोघरी तपासणी. आजारी माणूस प्लेग हॉस्पिटलला आणि त्याच्या संपर्कातले वेगळीकडं. त्यांना ठेवायला इमारती नव्हत्या, म्हणून रशियन रेल्वेकडून मालगाडीचे १२० डबे मागून घेतले. त्या डब्यांत लोकांचा रोज ताप तपासला जायचा. सगळं ठीक असेल तर सुट्टी.

तरी एक प्रश्न उरला होता. जमीन गोठून दगड झालेली, त्यामुळं कबरी खणता येत नव्हत्या. शहराबाहेर दोन हजारांवर मृतदेह उघड्यावर पडलेले. जाळावं म्हटलं तर चिनी समाजात पूर्वजांचा देह जाळणं कल्पनेपलीकडचं. वू यांनी अधिकाऱ्यांना तिथं नेऊन ते दृश्य दाखवलं आणि थेट बादशाही दरबाराकडं परवानगी मागितली. ती आली. ३१ जानेवारी १९११ ला, चिनी नववर्षाच्या दुसऱ्याच दिवशी, रॉकेल ओतून ते देह जाळण्यात आले.

त्यानंतर मृत्यूंचा आकडा उतरत गेला. १ मार्चनंतर हार्बिनमध्ये नवा रुग्ण सापडला नाही. मांचुरियात तोवर सुमारे ६० हजार लोक गेले होते.

यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हार्बिनच्या प्लेगविरोधी कामावर जवळपास ३ हजार माणसं होती. त्यातली सुमारे ३०० दगावली. डॉक्टर त्यात फार थोडे. जास्त करून मेले ते रुग्ण आणि मढी वाहणारे गाडीवान आणि मजूर. मास्क त्यांच्यासाठीही होता. पण मास्क नीट बांधणं, तो वेळच्या वेळी बदलणं, कामानंतर अंग आणि कपडे निर्जंतुक करणं, हे डॉक्टरला जमायचं तसं दिवसभर मढी उचलणाऱ्याला जमत नव्हतं.

नुसता मास्क पुरत नाही हे मुकडेनमध्येही दिसलं. तिथं आर्थर जॅक्सन नावाचा तरुण डॉक्टर मास्क घालून, काळजी घेऊन, रेल्वेनं आलेल्या शेकडो मजुरांना तपासत होता. कोंदट जागा, दाटीवाटी आणि दिवसचे दिवस ड्युटी. जानेवारीच्या शेवटी तोही गेला. म्हणजे मास्क हवा, त्यासोबत गर्दी कमी हवी, हवा खेळती हवी आणि हे सगळं सगळ्यात खालच्या कामगारापर्यंत पोहोचायला हवं.

३ एप्रिल १९११ ला त्याच मुकडेनमध्ये ११ देशांची प्लेग परिषद भरली. प्लेगच्या जंतूच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते जपानचे कितासातो समोर बसले होते आणि अध्यक्षाच्या खुर्चीत होते ३२ वर्षांचे वू.

पुढं त्यांनी मांचुरियात कायमची प्लेगविरोधी यंत्रणा उभी केली. १९२०-२१ मध्ये हाच प्लेग परत आला, तेव्हा तयारी होती. यावेळी बळी गेले सुमारे ९ हजार. १९३० पासून त्यांनी चीनच्या बंदरांवरची क्वारंटाईन सेवा सांभाळली. १९३५ मध्ये नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं, पण पुरस्कार मिळाला नाही.

१९३७ मध्ये जपाननं चीनवर हल्ला केला आणि वू मलायाला परतले. ज्या माणसानं देशाची आरोग्य यंत्रणा चालवली होती, त्यानं इपोह गावात साधा दवाखाना उघडला. महायुद्धात गनिमांनी त्यांना पळवून नेलं, खंडणी देऊन सुटका झाली. पुन्हा दवाखाना सुरू. १९५९ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापलं आणि २१ जानेवारी १९६० ला, वयाच्या ८० व्या वर्षी, पेनांगमध्येच त्यांचं निधन झालं.

त्यानंतर जग त्यांना बऱ्यापैकी विसरलं. १० मार्च २०२१ ला, कोरोना जोरात असताना, गुगलनं त्यांच्या १४२ व्या जयंतीला डूडल केलं. त्यात वू मास्क तयार करताना दिसत होते.