दालाँबेरचे नाणे

१७१७ सालचा नोव्हेंबर. पॅरिसमध्ये नोत्र दामजवळच्या एका छोट्या चर्चच्या पायऱ्यांवर एक तान्हे मूल सापडले. चर्चचे नाव सँ झाँ ल रों. तेच मुलाला मिळाले. आई मादाम द ताँसँ, उच्चभ्रू वर्तुळात बैठका भरवणारी. वडील तोफखान्यातले अधिकारी. आईने पाठ फिरवली ती कायमची. वडिलांनी मात्र मूल शोधून काढले आणि काचा बसवणाऱ्या एका कारागिराच्या बायकोकडे, मादाम रूसोकडे, वाढवायला दिले.

हाच पुढचा थोर गणिती दालाँबेर. १७४१ मध्ये, ऐन तेविशीत, तो विज्ञान अकादमीत गेला. १७४३ मध्ये त्याचा गतिशास्त्रावरचा ग्रंथ आला. प्रशियाचा फ्रेडरिक आणि रशियाची कॅथरिन यांची बोलावणी त्याने नाकारली आणि १७६५ पर्यंत तो त्या कारागिराच्याच घरी राहिला. आपली आई कोण, हे त्याने स्वतःपुरते ठरवून टाकले होते.

अशा माणसाची एक चूक आज कॉलेजातले पोरही दाखवील. दिदरोबरोबर तो संपादित असलेल्या फ्रेंच विश्वकोशात १७५४ मध्ये त्याने छापा-काट्यावर लेख लिहिला. प्रश्न साधा: नाणे दोनदा उडवले, तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? इतर गणिती चार प्रकार मोजत. त्यांतले तीन आपल्या बाजूचे, म्हणून उत्तर पाऊण. दालाँबेरचे म्हणणे निराळे. पहिल्याच फेकीत छापा पडला की डाव संपला, दुसरी फेक हवी कशाला? मग प्रकार उरले तीन: छापा, काटा आणि मग छापा, दोन्ही वेळा काटा. त्यांतले दोन आपले. उत्तर दोन तृतीयांश.

मोजणी बिनचूक आहे. घोटाळा आहे तो न बोललेल्या गोष्टीत: तिन्ही प्रकार सारख्या वजनाचे आहेत, हे त्याने गृहीत धरले. पहिला प्रकार निम्म्या वेळा घडतो, बाकीचे दोन पाव-पाव. अर्धा आणि पाव मिळून पाऊणच.

पण गंमत पुढेच आहे. पाऊण म्हणणाऱ्यांनीही नाणे सरळ आहे, हे मुकाट्याने धरलेलेच असते. दहांत चारच वेळा छापा देणारे नाणे घ्या. शक्यता ६४ टक्के होते, दोन तृतीयांशाहूनही कमी! भरतीच्या परीक्षांत दोन शक्यतांपैकी मोठी कोणती, असे विचारतात. नाणे कसे आहे हे सांगितलेच नसेल, तर माहिती अपुरी हेच खरे उत्तर. मी बँकेत होतो तेव्हा परीक्षेला बसणारी हुशार मुले नेमका हाच पर्याय सोडून देत, कारण तो निवडला की आपल्याला काही येत नाही असे वाटते.

सर्व प्रकार सारखे कशावरून, ही शंका दालाँबेरने दुसऱ्यांच्या गणितावर घेतली. स्वतःच्या तीन प्रकारांवर मात्र घेतली नाही. ओळीने छापे पडत गेले की काटा जवळ येतो, असेही त्याला वाटे. तेही चूकच.

नॉर्मंडीहून आलेल्या लाप्लास नावाच्या तरुणाला त्याने पॅरिसच्या सैनिकी शाळेत शिक्षकाची जागा मिळवून दिली. याच लाप्लासने १८१४ मध्ये शक्यतेवरच्या आपल्या निबंधात दालाँबेरचे नाव घेऊन ते तीन प्रकार तपासले आणि पाऊण हे उत्तर कायम केले. तोवर दालाँबेरला जाऊन एकतीस वर्षे झाली होती. धर्म न मानणारा म्हणून त्याला नावाचा दगडही नसलेल्या जागी पुरले होते.