हंटरवाली : ‘फिअरलेस’ नादियाची कहाणी

अमेरिकेतील चित्रकथांच्या दुनियेत १९४१ साली ‘वंडर वुमन’ अवतरली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांनी तिची कथा लिहिली आणि एच. जी. पीटर यांनी तिला रेषांचे रूप दिले. ग्रीक पुराणातील ॲमेझॉन या लढवय्या स्त्रियांची राणी हिपॉलिटा. तिने मातीची मूर्ती घडवली, देवतांनी तीत प्राण फुंकले आणि राजकन्या डायना जन्मली, अशी ही कथा. प्रमिलेच्या स्त्रीराज्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना फारशी परकी वाटणार नाही. परंतु त्याच्या सहा वर्षे आधीच मुंबईच्या पडद्यावर एक राजकन्या तोंडावर मुखवटा आणि हाती चाबूक घेऊन दुर्जनांवर तुटून पडली होती. या दोघींत उसनवारीचे काही नाते नव्हते. योगायोग एवढाच, की मुंबईच्या या वीरांगनेची आई ग्रीक होती.

मेरी ॲन इव्हान्स हे तिचे मूळ नाव. ८ जानेवारी १९०८ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे तिचा जन्म झाला. वडील स्कॉटिश, ब्रिटिश सैन्यातले. त्यांच्या नोकरीमुळे हे कुटुंब मुंबईत आले. पहिल्या महायुद्धात वडील कामी आले. पुढे मायलेकी काही वर्षे वायव्य सरहद्द प्रांतात राहिल्या. घोडेस्वारी, बंदूक चालवणे, शिकार हे सारे मेरी तिथेच शिकली. एरवी गोऱ्या घरातील मुलीच्या हौसेपलीकडे ज्यांना किंमत मिळाली नसती, त्या कलांवरच पुढे तिची कारकीर्द उभी राहिली.

मुंबईत परतल्यावर पोटासाठी तिने दुकानात विक्रेतीचे काम केले, लघुलेखन व टंकलेखन शिकली. त्याच सुमारास मादाम अस्त्रोवा या रशियन नर्तिकेकडे तिचे बॅले नृत्याचे शिक्षण झाले. काही काळ ती सर्कशीतही होती. एका भविष्यवेत्त्या स्त्रीच्या सल्ल्यावरून तिने ‘न’पासून सुरू होणारे ‘नादिया’ हे नाव घेतले आणि त्याच नावाने ती गावोगाव रंगमंचीय कार्यक्रम करू लागली.

याच दौऱ्यांतून तिची गाठ वाडिया बंधूंशी पडली. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या पारशी बंधूंनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोनची स्थापना केली होती. परळच्या लवजी कॅसल या पिढीजात वास्तूत त्यांचा स्टुडिओ होता. निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या या धिप्पाड स्त्रीला हिंदी चित्रपटात घ्यायचे कसे, हा प्रश्नच होता. नंदादेवी असे देशी नाव घ्यावे, ही सूचना तिने साफ नाकारली. किरकोळ भूमिकांत चाचपणी झाल्यावर १९३५ मध्ये ‘हंटरवाली’ची नायिका म्हणून तिची निवड झाली. दिग्दर्शक होते होमी वाडिया.

राजाला बंदिवान करणारा दुष्ट वजीर आणि वेष पालटून गोरगरिबांच्या मदतीला धावणारी राजकन्या माधुरी, असे त्याचे कथानक. चाबूक उगारणारी स्त्री प्रेक्षक स्वीकारतील, यावर वितरकांचा विश्वास नव्हता. अखेर वाडियांनीच धोका पत्करून ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो प्रदर्शित केला आणि तो तुफान चालला. ‘हंटरवाली’च्या नावाने चाबूक, पट्टे, काडेपेट्या बाजारात आल्या. ‘फिअरलेस’ ही उपाधी नादियाला कायमची चिकटली.

ही उपाधी जाहिरातीपुरती नव्हती. साहसदृश्ये ती स्वतःच करी. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) ती धावत्या आगगाडीच्या टपावर लढली. गड्यांना खांद्यावर उचलून फेकणे हा तिच्या प्रेक्षकांचा हमखास टाळ्यांचा प्रसंग. जॉन कावस हा पिळदार नट अनेक चित्रपटांत तिच्या जोडीला असे. पण सुटका करणारी ती आणि साथ देणारा तो, असाच मामला असे. वाडिया बंधूंपैकी थोरले राजकीयदृष्ट्या जागरूक. त्यामुळे ‘डायमंड क्वीन’सारख्या (१९४०) चित्रपटात हाणामारीच्या जोडीने स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कारही येई. परकीय सत्तेच्या काळात एक गोरी स्त्री जुलमी सत्ताधाऱ्यांना चोपते आणि देशी प्रेक्षक टाळ्या पिटतात, हा त्या काळातला विलक्षण प्रकार होता. जे धाडस तेव्हा देशी नायिकेला समाजाने कदाचित खपवून घेतले नसते, ते नादियाला तिच्या परकेपणामुळे करता आले, हेही मान्य करावे लागते.

१९४२ मध्ये वाडिया बंधूंच्या वाटा वेगळ्या झाल्या. होमींनी बसंत पिक्चर्स काढली आणि नादिया त्यांच्याबरोबर गेली. लवजी कॅसलच्या जागेत व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभारले. मराठी रसिक ज्या वास्तूला शांतारामांच्या नावाने ओळखतात, तिथेच एकेकाळी हंटरवालीचा चाबूक कडाडत होता.

पडद्यावर कुणालाही न जुमानणाऱ्या नादियाला घरच्या रूढींपुढे मात्र थांबावे लागले. होमी आणि तिचे प्रेम जुने. परंतु होमींच्या आईचा विरोध होता. आईच्या हयातीत त्यांनी लग्न केले नाही. १९६१ मध्ये, नादिया पन्नाशी ओलांडून गेल्यावर, हे दोघे विवाहबद्ध झाले. साठीत पोहोचलेल्या नादियाने १९६८ च्या ‘खिलाडी’त पुन्हा एकदा हाणामारी केली आणि पडद्याचा निरोप घेतला.

मारधाडपटांना प्रतिष्ठित समीक्षेत स्थान नसल्याने नादियाही दीर्घकाळ विस्मरणात गेली. जे. बी. एच. यांचे नातू रियाद विंची वाडिया यांनी १९९३ मध्ये तिच्यावर माहितीपट केला, तेव्हा नव्या पिढीला तिची ओळख झाली. ९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबईत तिचे निधन झाले. त्यानंतर डोरोथी वेनर यांनी जर्मनीत तिचे चरित्र लिहिले, अभ्यासकांनी तिच्या चित्रपटांवर संशोधन केले. वंडर वुमनच्या चित्रकथा आजही निघतात. तिला दर पिढीत नवे चित्रकार मिळाले. नादियाची जागा घेणारी मात्र कोणी आली नाही. तिचे टपावरचे धावणे रेषांत उतरवलेले नव्हते. ती खरोखरच धावत होती.