खाशाबांचं प्रवासभाडं

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिही, असं आपल्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मला पैलवान खाशाबा जाधव आठवले. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या मला कुस्तीतलं फारसं कळत नाही. तरी तेच का, ते शेवटी सांगते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे मुलगा तांबड्या मातीतच वाढला. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत खेळलेल्या खाशाबांना तिथे मॅटवर उतरावं लागलं, तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी मात्र पैशांवाचून अडलं. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. पदकाची हमी कोण देणार? पोरावर विश्वास होता, इतकंच. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं मिळायला १९९६ साल उजाडलं.

गावी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला मात्र त्यानंतरची गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्या लावल्या आणि त्या पैशांतून सरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सन्मान उशिरा आले. वेळेवर आली ती गावाची वर्गणी आणि सरांचे सात हजार.

आता कारण सांगते. आपल्या शाळेत एक मुलगी अनवाणी धावायची आणि सगळ्यांच्या पुढे असायची. तुम्हाला आठवत असेल. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. एटापल्लीहून आलापल्ली, पुढे चंद्रपूर, तिथून आणखी लांब. एसटीच्या भाड्याला पैसे नव्हते, म्हणून ती गेलीच नाही. तिने कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही मैत्रिणींनीही विचारलं नाही. ते मला अजून बोचतं.

म्हणून एक सुचवते. मेळाव्याचा खर्च भागून जी वर्गणी उरेल, तिची मानचिन्हं करू नयेत. शाळेतल्या खेळणाऱ्या मुलामुलींच्या बुटांसाठी आणि प्रवासासाठी ती वेगळी ठेवावी. मूल दुर्गम पाड्यावरचं असो की बाजारपेठेतलं, गरज कुणाची हे खेळाच्या शिक्षकांनी ठरवावं. आणि पैसे स्पर्धेच्या आधी हातात पडावेत. पदक मिळाल्यावर हार घालायला माणसं भरपूर असतात.

माझा वाटा मी मेळाव्याला येतानाच आणते आहे. कुणाला घर गहाण ठेवायची गरज नाही.