फ्रेडरिक डग्लस आणि त्यांचे गोरे हितचिंतक

जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी हा ग्रंथ अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा प्रकट केली. जोतीरावांचा रोख इथल्या उच्चवर्णीयांकडे होता आणि तो योग्यच होता. तथापि या सदाचारी लोकांशी ज्याचा पन्नासाहून अधिक वर्षे निकटचा संबंध आला, त्या फ्रेडरिक डग्लस यांचे चरित्र या अर्पणपत्रिकेच्या शेजारी ठेवून वाचले म्हणजे औदार्य आणि समानता या दोन वस्तू भिन्न आहेत हे ध्यानात येते.

फ्रेडरिकचा जन्म १८१८ साली मेरीलँड राज्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. बाप गोरा, बहुधा मालकच, अशी कुजबूज होती. आठ वर्षांचा असताना त्याला बाल्टिमोरला ह्यू ऑल्ड याच्या घरी पाठवण्यात आले. ह्यूची पत्नी सोफिया हिने यापूर्वी गुलाम बाळगला नव्हता. तिने मुलाला मायेने अक्षरे शिकवण्यास आरंभ केला. नवऱ्याने हरकत घेताच थांबवले. आणि पुढे त्या मुलाच्या हाती वर्तमानपत्र दिसले तरी ती धावून हिसकावून घेऊ लागली. गोऱ्या माणसाचा चांगुलपणा त्याच्या समाजाच्या दडपणाखाली किती टिकतो, याचा हा पहिला पाठ. दुसरा पाठ टॉमस ऑल्ड या मालकाने दिला. १८३३ मध्ये या गृहस्थाला धर्मसभेत उपरती झाली, घरात प्रार्थना सुरू झाल्या, आणि चाबकाला मात्र आता बायबलमधील वचनांचा आधार मिळू लागला.

पुढे बाल्टिमोरच्या गोदीत जहाजाच्या फळ्यांमधील फटी बुजवण्याचे काम फ्रेडरिक शिकला. आठवड्याची सगळी मजुरी ह्यू ऑल्डच्या हाती ठेवावी लागे. सहा डॉलर आणून दिले की मालक कधीकधी खुशीने सहा सेंट परत देई. हे सहा सेंट म्हणजे सगळ्या मजुरीवरील आपल्या हक्काची कबुलीच आहे, असे त्या तरुणाला वाटे. अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात श्रमाच्या शोषणाचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. सप्टेंबर १८३८ मध्ये ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीच्या साहाय्याने, खलाशाचे कागद दाखवून, तो उत्तरेकडे निसटला. दोघांनी विवाह केला, डग्लस हे नवे आडनाव धारण केले आणि न्यू बेडफर्ड या बंदरात बिऱ्हाड थाटले.

न्यू बेडफर्ड हे गुलामगिरीच्या विरोधकांचे गाव. तिथल्या एका जहाजमालकाने, जो स्वतः या चळवळीतला होता, डग्लस यांना फटी बुजवण्याचे काम देऊ केले. पण कृष्णवर्णीय कारागीर आला तर आम्ही हत्यारे खाली ठेवू, असे गोऱ्या कारागिरांनी बजावले. डग्लस यांना लाकडे फोडणे, कोळसा उपसणे असली कामे पत्करावी लागली. दोन डॉलर रोजाच्या जागी एक डॉलर. रविवारी ते चर्चमध्ये गेले, तर प्रभुभोजनाचा प्रसाद आधी गोऱ्यांना वाटला गेला आणि मग पाद्रीबुवांनी मागच्या लोकांना प्रेमळ स्वरात पुढे बोलावले. इथे कोणी चाबूक उगारला नव्हता. किंबहुना सगळे गुलामगिरीचा निषेधच करीत होते.

१८४१ साली नँटकेट येथील सभेत डग्लस प्रथम बोलले आणि विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या संघटनेने त्यांना प्रचारक नेमले. गॅरिसन यांच्या निष्ठेविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. १८३५ मध्ये बोस्टनच्या जमावाने त्यांना दोरीने बांधून रस्त्यातून फरपटत नेले होते. असा माणूसही डग्लस यांच्याकडून एक विशिष्ट वस्तू मागत होता. त्यांनी आपली हकीकत सांगावी, पाठीवरचे वळ वर्णावेत. गुलामगिरीचे तत्त्वज्ञान, तिची कारणमीमांसा गोरे सहकारी करतील. डग्लस वाचन करीत होते, विचार करीत होते, तीच ती कहाणी महिनोन्‌महिने सांगून कंटाळले होते. त्यांची भाषा सुधारू लागली तेव्हा मित्रांनीच सल्ला दिला की बोलण्यात मळ्यावरचा थोडा गावंढळपणा राहू द्यावा, नाहीतर हा कधी गुलाम होता यावर लोकांचा विश्वास बसणार नाही. मुक्तीच्या चळवळीतही श्रमविभागणी अशी ठरली होती: अनुभव काळ्यांचा, बुद्धी गोऱ्यांची!

१८४५ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाल्यावर पकडले जाण्याच्या भीतीने डग्लस ब्रिटनला गेले. तिथल्या मित्रांनी १५० पौंड भरून त्यांना कायद्याने मुक्त केले, तेव्हा अमेरिकेतील काही सोवळ्या सुधारकांनी आक्षेप घेतला की किंमत मोजणे म्हणजे माणसावरील मालकी मान्य करणे होय. तत्त्व निर्दोष होते. परंतु ज्यांच्या मानेवर कोणाची मालकी नव्हती अशांनी ते दुसऱ्याच्या मानेसाठी सांगावे, हे विचित्रच. दरम्यान बोस्टनच्या मारिया चॅपमन यांनी डब्लिनच्या एका मित्राला डग्लस पैशाच्या मोहाने प्रतिपक्षाकडे जाऊ नयेत म्हणून सावध करणारे पत्र लिहिले होते. ते पाहून डग्लस यांनी त्यांना रोखठोक उत्तर धाडले. परतल्यावर डिसेंबर १८४७ मध्ये गॅरिसन यांचा सल्ला डावलून त्यांनी रॉचेस्टर येथे ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचे पत्र काढले. मतभेद वाढले आणि काही वर्षांत गॅरिसन यांच्या पत्रातून डग्लस यांच्या घरगुती जीवनाविषयी सूचक मजकूर छापला गेला. शिष्य स्वतंत्र झाला की तो कृतघ्न ठरतो.

रॉचेस्टरमध्येच घडलेली एक गोष्ट आपल्या शिक्षकवर्गाने अवश्य वाचावी. १८४८ मध्ये नऊ वर्षांच्या रोझेटा या मुलीला डग्लस यांनी मुलींच्या एका खासगी शाळेत घातले. मुख्याध्यापिका गुलामगिरीविरोधी मतांची म्हणून ओळखली जाई. तिने मुलीला प्रवेश दिला, फी घेतली आणि वेगळ्या खोलीत एकटीला बसवून शिकवले. डग्लस यांनी जाब विचारल्यावर तिने वर्गातील मुलींनाच विचारले. रोझेटा आपल्या शेजारी बसावी असे एकजात सगळ्यांना वाटत होते. एवढ्यावर थांबावे की नाही? पण बाईंनी पालकांचे मत मागवले. एका पालकाने, तो एका वृत्तपत्राचा संपादक होता, नकार कळवला आणि त्या एका नकारावर मुलीला शाळा सोडावी लागली. डग्लस यांनी त्या संपादकाला उद्देशून खुले पत्र छापले. मला विचाराल तर संपादकाला ओळखणे सोपे होते. मुलाखाली उभी असलेली इतकी माणसे बाजूस सारून एका विरोधकाला निर्णय सोपवणारी बाई ओळखणे अवघड.

यादवी युद्ध झाले, गुलामगिरी गेली. १८६५ मध्ये मुक्त झालेल्यांसाठी काँग्रेसच्या कायद्याने फ्रीडमन्स बँक स्थापन झाली. विश्वस्त म्हणून नामांकित गोरे परोपकारी, व्यापारी होते. सैनिकांनी, धुणी धुणाऱ्या बायकांनी, शेतमजुरांनी नाणी आणून ठेवली. सरकारच जामीन आहे असा अनेकांचा समज होता, तो खरा नव्हता. आरंभी ठेवी सरकारी रोख्यांतच गुंतवायच्या होत्या. १८७० मध्ये कायदा बदलून स्थावर तारणावर कर्जे देण्याची मुभा मिळाली आणि अर्थसमितीचे अध्यक्ष हेन्री कुक यांच्या काळात पैसा सट्टेबाजांकडे वाहू लागला. १८७३ साली कुक यांच्या भावाचीच पेढी बुडाली. आणि मग, मार्च १८७४ मध्ये, बँकेचे अध्यक्षपद डग्लस यांना देण्यात आले! त्यांनी पदरचे दहा हजार डॉलर बँकेला उसने दिले. बँक सुदृढ असल्याची ग्वाही देणाऱ्यांपैकी काहींनी आपली खाती आधीच अन्यत्र हलवली होती, हे त्यांना नंतर कळले. त्याच उन्हाळ्यात बँक बंद पडली. सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले, अनेकांना काहीच मिळाले नाही, आणि लोकांच्या तोंडी नाव राहिले ते शेवटच्या, कृष्णवर्णीय अध्यक्षाचे. नफ्याच्या दिवसांत विश्वस्तपण आणि दिवाळ्याच्या दिवशी प्रतिनिधित्व, असा हा सन्मान होता.

लिंकन यांच्या पुतळ्याचीही तीच तऱ्हा. शार्लट स्कॉट या मुक्त स्त्रीच्या पाच डॉलरांपासून सुरू झालेला तो निधी मुक्त गुलामांचा होता. शिल्प कसे असावे ते मात्र गोऱ्यांच्या समितीने ठरवले. उभे लिंकन आणि त्यांच्या पायाशी गुडघे टेकलेला गुलाम. १४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टन येथे त्याच्या अनावरणप्रसंगी भाषण करताना डग्लस यांनी लिंकन हे प्रथमतः गोऱ्यांचे अध्यक्ष होते हे अध्यक्ष ग्रँट यांच्या समक्ष सांगितले आणि त्याच भाषणात त्यांचे ऋणही मानले. काही दिवसांनी त्यांनी वृत्तपत्राला लिहिले की आपल्या माणसाची ताठ उभी प्रतिमा मरण्यापूर्वी पाहायला मिळावी. या शिल्पाची बोस्टनमधील प्रतिकृती २०२० मध्ये हटवण्यात आली.

ॲनाच्या मृत्यूनंतर, १८८४ मध्ये, डग्लस यांनी हेलन पिट्स या गोऱ्या स्त्रीशी विवाह केला. तिचे वडील गिडियन पिट्स जुने गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते. एकेकाळी डग्लस यांचे स्वागत करणाऱ्या त्या गृहस्थाने जावई म्हणून त्यांना घराचा उंबरा ओलांडू दिला नाही.

स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे डग्लस यांनी उचलून धरली होती. १८६९ मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना मत देण्याचा प्रश्न आला तेव्हा एलिझाबेथ स्टँटन यांच्यासारख्या जुन्या सहकारिणीने त्यांच्या समाजाविषयी हिणकस शब्द वापरले. डग्लस यांनी विरोध केला, मैत्री तोडली नाही. १८९५ च्या आरंभी स्त्री-मताधिकार संघटनेचे अधिवेशन अटलांटाला भरणार होते. दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रिया बिथरू नयेत म्हणून सुझन अँथनी यांनी डग्लस यांना न येण्याची विनंती केली. पुढे त्यांनी स्वतःच ही गोष्ट आयडा वेल्स यांना सांगितली, तेव्हा या तरुण कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीने त्यांचे चुकले असे तोंडावर सांगितले.

डग्लस अटलांटाला गेले नाहीत. अधिवेशन आटोपल्यावर दोन आठवड्यांनी, २० फेब्रुवारी १८९५ रोजी, वॉशिंग्टन येथे स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेची सभा होती. तिथे ते गेले. त्यांना पाहताच सुझन अँथनी पुढे झाल्या आणि त्यांना सन्मानाने व्यासपीठावर घेऊन गेल्या. संध्याकाळी घरी परतल्यावर त्या सभेची हकीकत ते हेलनला मोठ्या उत्साहाने सांगत होते; सांगता सांगताच कोसळले.