मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना १९०५ सालीच उत्तर मिळालं होतं, ते शोधलं एका सुताराच्या लेकीने

पहिली मुलगी झाली, दुसरीही मुलगीच झाली की घरात कुजबुज सुरू होते आणि बोट जातं ते सुनेकडे. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, तर डॉक्टरकडे आधी न्यायचं तेही तिलाच. नवऱ्याची तपासणी करू म्हटलं की घरातले विषय बदलतात.

हे आजही अनेक घरांत चालतं. पण मुलगा की मुलगी हे कशावरून ठरतं, याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. ते सापडलं पिठात होणाऱ्या एका किड्याच्या शुक्राणूंमध्ये. आणि शोधणारी होती एक बाई, नेटी स्टीव्हन्स.

तर सुरुवातीपासून बघूया.

नेटी यांचा जन्म ७ जुलै १८६१ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावातला. वडील सुतार. नेटी अगदी लहान असतानाच आई गेली. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफोर्डला आलं. नेटी आणि त्यांची बहीण एमा, दोघी अभ्यासात हुशार होत्या.

पण त्या काळात शिकलेल्या मुलीपुढे वाटा मोजक्याच असायच्या. बहुतेकींची गाडी शिक्षिकेच्या नोकरीवर येऊन थांबायची. नेटी यांनीही शाळेत शिकवलं, पगारातून पैसे साठवले आणि ते पैसे पुन्हा शिक्षणात घातले. वेस्टफिल्डच्या अध्यापक विद्यालयात चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. मग पुन्हा नोकरी. कधी शिक्षिका म्हणून, कधी ग्रंथपाल म्हणून. अशी वर्षं गेली.

पस्तिशीत कॉलेजला ॲडमिशन

१८९६ साली नेटी स्टीव्हन्स यांनी थेट देशाचं दुसरं टोक गाठलं आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. तेव्हा त्यांचं वय होतं ३५. १८९९ मध्ये पदवी आणि १९०० मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. तिथेच त्यांना सूक्ष्मदर्शकाचा नाद लागला.

पुढचा मुक्काम होता पेनसिल्व्हेनियातलं ब्रिन मॉर कॉलेज. बायकांसाठीच्या या कॉलेजात बायकांना पीएचडीसुद्धा करता येत होती आणि जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हंट मॉर्गन. हेच मॉर्गन पुढे आनुवंशिकतेतल्या कामासाठी नोबेल मिळवणार होते. मधल्या काळात नेटी युरोपातही जाऊन आल्या. इटलीत नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत आणि जर्मनीत थिओडोर बोव्हेरी यांच्याकडे त्यांनी काम केलं. बोव्हेरी म्हणजे गुणसूत्रांच्या अभ्यासातलं त्या काळचं मोठं नाव.

१९०३ मध्ये पीएचडी झाली, पण पगाराचा प्रश्न होताच. शेवटी कार्नेगी संस्थेकडे अर्ज केला. मॉर्गन यांनी शिफारस करताना लिहिलं की गेल्या बारा वर्षांत आपल्या हाताखाली इतकी स्वतंत्रपणे संशोधन करणारी दुसरी विद्यार्थिनी झाली नाही. अनुदान मिळालं आणि नेटी कामाला लागल्या.

प्रश्न जुना होता, उत्तरं भलतीच होती

मुलगा की मुलगी हे नेमकं कशावरून ठरतं? तेव्हाचे अनेक शास्त्रज्ञ सांगायचे की आईच्या पोटात असताना मिळणारं पोषण किंवा आजूबाजूचं तापमान यावरून ठरतं. म्हणजे गर्भ आधीपासून काहीच ठरवून आलेला नसतो, बाहेरची परिस्थिती त्याला वळण देते. साहजिकच जबाबदारी पुन्हा आईवरच.

१८९१ मध्ये हर्मन हेन्किंग या जर्मन शास्त्रज्ञाला एका ढेकणासारख्या किड्याच्या शुक्राणूंमध्ये गंमत दिसली होती. अर्ध्या शुक्राणूंमध्ये एक जादा तुकडा होता, अर्ध्यांमध्ये नव्हता. हे काय आहे ते न कळल्यामुळे त्याला नाव दिलं गेलं एक्स. पुढे अमेरिकेच्या क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी सुचवलं की याच तुकड्याचा संबंध लिंग ठरण्याशी असावा. पण त्यांनी गणित उलटं मांडलं. हा तुकडा ज्याला मिळतो तो नर होतो, असं त्यांना वाटलं.

नेटी यांनी वाळवी, झुरळ, मावा असे वेगवेगळे कीटक घेतले. त्यांच्या वृषणांचे पातळ काप करायचे, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं आणि शुक्राणू टप्प्याटप्प्याने कसा तयार होतो ते बघून चित्र काढायचं. हे असंच दिवसेंदिवस.

त्यात हाती आला मीलवर्म, म्हणजे साठवलेल्या पिठात आणि धान्यात होणारा किडा.

मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं होती. नराच्या पेशीतही २० च होती, पण त्यातली १९ मोठी आणि एक अगदी चिमुकलं. शुक्राणू तयार होताना गुणसूत्रं अर्धी होतात. त्यामुळे नराचे निम्मे शुक्राणू १० मोठी गुणसूत्रं घेऊन निघायचे आणि उरलेले निम्मे ९ मोठी अधिक ते चिमुकलं एक. मादीची सगळी बीजं मात्र सारखीच, १० मोठ्या गुणसूत्रांची.

हिशोब सरळ होता. मोठ्या गुणसूत्रांचा शुक्राणू बीजाला मिळाला तर मादी, चिमुकलं गुणसूत्र असलेला मिळाला तर नर. म्हणजे फैसला बापाकडून आलेल्या शुक्राणूवर होत होता. ते चिमुकलं गुणसूत्र आज आपण वाय म्हणून ओळखतो.

१९०५ मध्ये हे संशोधन कार्नेगी संस्थेने प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी बायकांनी केलेल्या उत्तम शास्त्रीय लेखनाचं एक हजार डॉलरचं एलन रिचर्ड्स पारितोषिकही नेटी यांना मिळालं.

मग श्रेय गेलं कुठे?

त्याच सुमारास कोलंबिया विद्यापीठाचे एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षापाशी पोहोचले होते. विल्सन आधीच नावाजलेले, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत बराच काळ त्यांचंच नाव पुढे राहिलं. दोघांमध्ये फरक होता तो ठामपणाचा. बाहेरच्या परिस्थितीचाही काही हात असेल, ही शक्यता विल्सन यांनी तेव्हा पूर्ण सोडली नव्हती. नेटी यांनी मात्र लिंग गुणसूत्रांवरून ठरतं हे स्पष्ट मांडलं, आणि मग डझनावारी जातींचे भुंगेरे, माश्या तपासून पुरावा वाढवत नेला.

११ वर्षांत त्यांचे जवळपास ४० शोधनिबंध आले. तरीही ब्रिन मॉरमध्ये त्या पूर्ण प्राध्यापक कधीच झाल्या नाहीत. अखेर कॉलेजने खास त्यांच्यासाठी संशोधन प्राध्यापकाचं पद तयार केलं. पण ते स्वीकारण्याआधीच स्तनाच्या कॅन्सरने त्यांना गाठलं. ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांचं निधन झालं. तेव्हा त्या ५० वर्षांच्या होत्या.

मॉर्गन यांनी मृत्युलेख लिहिला. त्यात कौतुक होतं, पण एका महत्त्वाच्या शोधात त्यांचा वाटा होता, इतपतच नोंद झाली. १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल मिळालं, तोवर नेटी यांना जाऊन २१ वर्षं झाली होती.

त्या चिमुकल्या गुणसूत्राचं पुढे काय झालं?

बरीच वर्षं असा समज होता की वाय गुणसूत्र मुलगा ठरवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. १९७६ मध्ये इटलीच्या टिएपोलो आणि झुफार्डी यांना वीर्यात एकही शुक्राणू नसलेले सहा पुरुष असे आढळले, ज्यांच्या वाय गुणसूत्राचा टोकाकडचा भाग गायब होता. तेव्हा लक्षात आलं की शुक्राणू तयार करण्याच्या कामातले काही महत्त्वाचे जीन्स वायवरच बसलेले आहेत. या भागाला आज एझेडएफ म्हणतात आणि पुरुष वंध्यत्वाच्या तपासणीत, शुक्राणू अजिबात नसतील किंवा फारच कमी असतील, तर तो तपासला जातो.

यातला एक मुद्दा तर थेट नेटी यांच्या हिशोबाला जाऊन भिडतो. वायचा काही भाग गमावलेल्या काही पुरुषांमध्ये थोडे शुक्राणू मिळतात आणि इक्सी तंत्राने त्यांना मूल होऊ शकतं. पण मुलगा झाला तर बापाचं तेच अपुरं वाय त्याच्याकडे जातं. मुलगी झाली तर जात नाही, कारण तिच्या वाट्याला बापाचं एक्स येतं.

आता संशोधन एपिजेनेटिक्सपर्यंत पोहोचलंय. जीन्स तेच असतात, पण कोणता चालू आणि कोणता बंद हे सांगणाऱ्या रासायनिक खुणा त्यांच्यावर असतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. पुरुषाच्या शरीरातल्या या पेशींवरच्या खुणा गर्भावस्थेतच पुसून नव्याने लिहिल्या जातात आणि शुक्राणू घडताना डीएनए वेगळ्या प्रथिनांभोवती घट्ट आवळला जातो. इथे गडबड झाली तर शुक्राणूंची संख्या किंवा गुणवत्ता घसरू शकते. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेतही शुक्राणूंच्या एपिजेनेटिक्सवर काम झालंय.

याचा अर्थ आता बोट बापाकडे वळवायचं असा होत नाही. कोणता शुक्राणू बीजापर्यंत आधी पोहोचेल हे त्याच्याही हातात नसतं, आणि आपल्या वायचा तुकडा कुणी ठरवून हरवत नाही. मूल होत नसेल तर दोघांनीही एकत्र तपासणी करून घ्यायची, एवढाच साधा धडा आहे.

२०१६ मध्ये ७ जुलैला गूगलने नेटी स्टीव्हन्स यांच्यावर डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा वाचलं. पण त्यांनी सोडवलेला हिशोब शाळेच्या पुस्तकात कधीचाच आहे. दहावीला तो लिहून मार्क मिळवणारे आपण, घरात पाळणा हलला की नेमके तोच विसरतो.